शिट्टी काढून ठेवलेली किटली

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची किटली आहे. माझा अवतार बघून हसू नका. तळ काळानिळा पडला आहे आणि प्लॅस्टिकची मूठ वितळून एका बाजूला लोंबते आहे. गेल्या रविवारपर्यंत मी बऱ्यापैकी देखणी होते. निदान मागच्या बाजूने तरी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापून, वाकवून, घासून मला आकार दिला आणि शेवटी चोचीवर शिट्टीचं टोपण बसवलं. तिथे एक म्हातारा कारागीर होता. तो प्रत्येक टोपण तोंडाला लावून फुंकून बघायचा. माझं टोपण फुंकलं आणि तो स्वतःच दचकला. "ही तर अख्खी गल्ली उठवेल!" असं म्हणाला. मी फुशारून गेले. पाणी उकळलं की ओरडायचं आणि कोणीतरी धावत यायचं, याहून चांगलं काम कुठलं?

ज्या घरात मी गेले, तिथे नेमकं हेच नको होतं. माझी मालकीण घरी कपडे शिवायची आणि मालक पाणी सोडण्याच्या पंपावर रात्रपाळी करायचे. ते सकाळी येऊन झोपायचे, म्हणून दिवसभर घरात कुजबूज चालायची. त्यांचा मुलगा चालायला शिकला तोच चवड्यांवर. शिवणयंत्रसुद्धा दुपारी तीननंतरच सुरू व्हायचं. पहिल्याच सकाळी मी शिट्टी मारली, तशी मालकीण ओल्या हातांनी धावत आली. तिने टोपण उपटून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि डोळे वटारून म्हणाली, "गप्प! ह्यांची झोप मोडेल."

फक्त रविवारी मालकांना सुट्टी असायची. त्या दिवशी ते स्वतः टोपण शोधून मला लावायचे. मग मी जीव खाऊन ओरडायचे, मुलगा माझ्याबरोबर ओरडायचा आणि मालक कानांवर हात ठेवून म्हणायचे, "अगं, ही अगदी तुझ्यावर गेलीय!" मालकीण लटकंच रागवायची. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणाल तर ते रविवारच.

पुढे मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला. चार वर्षांपूर्वी मालक वारले. मला वाटलं, आता तरी ती टोपण बाहेर काढेल. तिने काढलं नाही. अजूनही ती सकाळी दार हळूच लावते. हातून भांडं निसटलं, तर जीभ चावते आणि आतल्या खोलीकडे बघते. तिथे कोणी झोपलेलं नसतं. अशा वेळी मला तिच्यासाठी फार वाईट वाटतं.

गेल्या रविवारी सर्दीने तिला पार आडवं केलं. नाक चोंदलेलं, घसा बसलेला, सारखा खोकला, अंगात कणकण. दिवसभर दारावर कोणी आलं नाही. शिंकून शिंकून ती बेजार झाली. "झालं, हे नाक आता कापूनच टाकते," असं स्वतःशीच पुटपुटली. दुपारी वाफ घ्यावी म्हणून तिने मला गॅसवर ठेवलं, शाल गुंडाळून शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिचा डोळा लागला.

पाणी उकळलं. मी नुसती वाफ सोडत राहिले, तोंडातून हूं की चूं नाही. पाणी अर्ध्यावर आलं, मग बोटभर राहिलं, मग संपलं. मूठ वितळायला लागली, काळा धूर निघाला, घाण वास सुटला. पण तिचं नाक बंद होतं. गार वारा नको म्हणून खिडक्याही लावलेल्या होत्या. धूर छताला भिडला आणि हळूहळू खाली तिच्याकडे यायला लागला. मित्रांनो, डोळ्यांदेखत ती जाणार आणि आपण मूग गिळून बघत बसणार, या भीतीने माझा जीव नुसता तळमळत होता.

शेवटी धूर तिच्या घशात गेला. सकाळपासून ज्या खोकल्याला ती शिव्या घालत होती, त्या खोकल्यानेच तिला उठवलं. तिने धडपडत गॅस बंद केला, ओल्या टॉवेलने मला उचलून बेसिनमध्ये टाकलं, खिडक्या उघडल्या आणि तिथेच जमिनीवर बसून रडली. "अहो," ती आतल्या खोलीकडे बघत म्हणाली, "आज मी आलेच होते तुमच्याकडे."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तिने तो स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आई, आवाज का असा?"

"काही नाही रे, जरा सर्दी आहे."

"वाफ घे हं."

"घेतली."

"बाकी काय?"

ती थांबली. मला वाटलं, आता सांगेल.

"बाकी काही नाही. किटली जरा खराब झालीय."

"मग टाकून दे ना ती! मी विजेची पाठवतो. आपोआप बंद होते."

"बरं," ती म्हणाली.

मुलगा वाईट नाही. त्याने लगेच नवी किटली मागवली. ती उद्या येईल आणि मी भंगारात जाईन.

मित्रांनो, मला घासूनपुसून जपा, असं मी म्हणत नाही. माझं काम संपलं. पण तुमचं कोणी घरी एकटं असेल आणि फोनवर "जरा सर्दी आहे" म्हणालं, तर लगेच फोन ठेवू नका. जेवलीस का, कोणी येऊन गेलं का, दिवसभर काय केलंस, असं विचारा. बोलता बोलता ते माणूस थांबलं, तर तुम्हीही थांबा. त्या रविवारी काय झालं, हे आम्हा दोघींनाच ठाऊक आहे. उद्यापासून ते तिला एकटीलाच ठाऊक असेल.