अण्णांची ओळ आणि मधली खाच

या, असे जवळ सरकून बसा. देवानं गळा दिला असता तर गाऊनच सांगितलं असतं. नाही दिला, म्हणून नुसतं सांगते. गोष्ट आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, गाडीची. ऐकून झालं की एक मागणं आहे.

त्या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. चाकांवर वायू भरलेले लोखंडी गोळे, त्यांत पंपानं दाबलेलं तेल. इंजिन सुरू झालं की बसलेली गाय उठावी तशी ती आधी मागून उठायची, मग पुढून. सीटशेजारी एक दांडा होता, त्याच्या खाचा बदलल्या की गाडीची उंची बदलायची. आणि चालायची तर अशी, की मांडीवरचं लेकरू कूस बदलणार नाही.

अण्णा गेले आणि गाडी दगड झाली. प्रत्येक खड्डा थेट कमरेत. "गोळ्यांतला वायू संपला," दादा म्हणाला. "नवे गोळे मिळत नाहीत. आईची कंबर मोडण्यापेक्षा विकलेली बरी." आईनं महिनाभर टाळलं, पण दुखणं खरंच होतं. शेवटी गिऱ्हाईक ठरलं.

गाडी पोचवायच्या दिवशी आई पदर खोचून दारात उभी. "मीही येणार. त्यांच्या गाडीत शेवटचं एकदा बसून घेते."

दादानं दांडा वर ओढला. गाडी उंच झाली. आईचे गुडघे वाकत नाहीत, सीट उंच असली की तिला बसता येतं. "आईला बसवायचं तर दांडा वर," हे अण्णांनीच त्याला शिकवलेलं, आणि पोरानं ते मंत्रासारखं पाळलेलं. आई बसली, मी मागे बसले, दादानं गिअर टाकला.

"थांब की रे! तुझे अण्णा आधी देवाचं नाव घ्यायचे."

"त्यानं गाडी मऊ होणार आहे का, आई?"

"जीभ तरी मऊ होईल तुझी."

मला हसू आलं. आईनं डोळे मिटले आणि अण्णांची ती घरीच जुळवलेली ओळ म्हटली: 'सांभाळून ने रे देवा, तुझंच हे ओझं.' म्हणता म्हणता तिचा हात आपोआप खाली गेला, दोन सीटांच्या मधे.

"हात कुठे चाललाय गं?" मी विचारलं.

"त्यांचा जायचा तिथे. ओळ म्हणताना असा खाली. मला वाटायचं, हँडब्रेक सोडतायत."

दादा दचकला. "हँडब्रेक तिकडे नाहीच आई. तिथे दांडा आहे."

मग त्यानं दांडा मधल्या खाचेत आणला. गाडीनं हळूच सुस्कारा सोडला आणि ती खाली बसू लागली. आईनं ओळ पुन्हा म्हटली. ओळ संपली आणि गाडी स्थिरावली. अण्णा थांबायचे ते यासाठीही.

"मी तिला महिनाभर टाचांवर उभी करून पळवली," दादा पुटपुटला. पुढे त्यानंच समजावलं: गाडी पार उंच केली की चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही, मग खड्डा अंगात येतो. मधे असली की चाक वर जातं, खाली जातं, आपण जागच्या जागी. वायू काही संपला नव्हता. आम्ही अण्णांचं निम्मंच ऐकलं होतं.

कोपऱ्यावरचा गतिरोधक आला. आईनं सवयीनं दाराची कडी घट्ट धरली. गाडी त्यावरून लाटेसारखी गेली. आईची मूठ सैल झाली. "अगं बाई," ती म्हणाली, "आले की हे."

गिऱ्हाइकाचं फाटक डावीकडे दिसलं. दादानं वेग कमी केला नाही.

"फाटक मागे राहिलं रे," आई म्हणाली.

"राहू दे. फोन करतो त्यांना."

तर माझं मागणं एवढंच. कुणाला गाडीत बसवलंत, दार लावलंत, की लगेच निघू नका. एका ओळीपुरतं थांबा, आणि आमच्या अण्णांची आठवण काढा.