मालूची नाळ

अंजनाचं पत्र चौऱ्याऐंशी साली आलं. निपाणीहून, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्यात एकच विचारलं होतं: माझ्या लेकीची नाळ खरंच कमजोर होती का? मी उत्तर दिलं नाही. उत्तर ठाऊक होतं, पण ते सांगणारा मी कोण, असं वाटत राहिलं.

त्याआधी मी बेळगावात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. आमचे साहेब बाळंतपणातल्या नाळेतून रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी काढून काचेच्या बाटलीत वाढवत. म्हणजे वाढवायचो मी, बोलायचे ते. पुढेमागे कापडाच्या नळीला हे अस्तर लावून ती बंद पडलेल्या रक्तवाहिनीच्या जागी बसवायची, अशी त्यांची उमेद होती.

अंजनाचा नवरा कल्लाप्पा तंबाखूच्या वखारीत कामाला. विडी ओढून ओढून त्याच्या उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या, बोटं काळी पडली होती. ती कापून घ्यायला तो आमच्याकडे दाखल झाला आणि त्याच दिवसांत अंजना तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली, मालू.

कल्लाप्पाची आई यल्लव्वा नाळ घरी नेऊन उंबऱ्याशी पुरणार होती. त्यांच्यात तशी रीत. साहेबांनी ती मागून घेतली. हिच्यातून तुझ्या लेकाला नवी शीर करू म्हणाले. यल्लव्वानं दिली, पण मनाशी एक ठरवून टाकलं. नाळ पुरलेली नाही म्हणजे ती जिवंत आहे, आणि ती जिवंत असेतो पायाला सुरी लावायची नाही. कल्लाप्पा बोटं तशीच घेऊन घरी गेला. साहेबांनी अडवलं नाही.

पेशी सुरुवातीला देखण्या वाढल्या. बाटली भरली की मी त्या सोडवून नव्या बाटल्यांत वाटायचो, त्याही भरायच्या. मग वेग मंदावला. पेशी पसरट झाल्या, फुगल्या, एकीच्या दोन होईनात. मेल्या नव्हत्या, म्हाताऱ्या झाल्या होत्या. मी आधी स्वतःलाच दोष दिला. माझा हात जड असेल, भांडी नीट धुतली नसतील. दुसऱ्या नाळा आणल्या, चांगल्या धडधाकट बाळांच्या. त्यांचंही तेच झालं. शरीराबाहेर कुणाचीही पेशी काही वेळाच विभागते आणि थांबते, हे परदेशी मासिकांत छापून आलेलं मी वाचलं होतं. तरी वाटायचं, त्यांचं बरोबर असेल, पण इथं माझंच काहीतरी चुकलं असेल.

पावसाळा सरता सरता कल्लाप्पाला परत आणला. बोटांवर भागलं असतं, ते आता गुडघ्याच्या वर कापावं लागलं. शीर का झाली नाही, असं त्यानं विचारलं. साहेब हात धुता धुता म्हणाले, "नाळेतच दम नव्हता." मी शेजारी उभा होतो.

पत्राला चार वर्षं झाली, आता काय लिहायचं, म्हणून गेल्या महिन्यात निपाणीला गेलो. तोंडी सांगावं म्हटलं. कल्लाप्पा कुबडी टेकवून दारात बसला होता, विडी ओढत. आत यल्लव्वा नातीला वाढत होती.

"शिळी भाकरी नको व्हय गं? बापाचा पाय खाल्लीस तवा न्हाय तोंड वाकडं केलंस."

कल्लाप्पा हसला. मालूही हसली, सवयीनं, आणि भाकरी मोडू लागली. चुलीपाशी बसलेल्या अंजनानं मान वर केली नाही.

मी यल्लव्वाला म्हणालो, "आक्का, त्या नाळेचं जरा..."

"आता काय हाय त्याचं? दम नव्हता तिच्यात. मोठ्या डाक्टरनं सांगितलंय न्हवं? तुमी च्या घ्या."

मी चहा घेतला आणि बेळगावच्या गाडीत बसलो.

घरी येऊन लिहायला घेतलं. अंजनाला नाही, मालूला. ती चौथीत आहे, तिला वाचता येतं. लिहिलं की तुझी नाळ चांगली होती, ती मी माझ्या हातानं वाढवली. काचेत सगळ्यांच्याच पेशी म्हाताऱ्या होतात, कलेक्टरच्या पोराच्यासुद्धा. वडिलांचा पाय विडीनं धरला आणि आम्ही बोटं वेळेत कापली नाहीत म्हणून एवढा गेला. तू काही खाल्लं नाहीस.

वाचून पाहिलं तर जागोजागी 'बहुधा' लिहिलेलं होतं. ते सगळे गाळून पुन्हा लिहून काढलं. घरी पाठवलं असतं तर आधी कल्लाप्पाच्या हाती पडलं असतं, म्हणून पत्ता तिच्या शाळेचा घातला. तिचे मास्तर कदाचित वर्गात मोठ्यानं वाचतील, या विचारानं टपालपेटीसमोर थोडा थांबलो. वाचू देत म्हटलं, आणि पत्र आत सोडलं.