नरसिंहाचा उपास

देवजीच्या डोक्यातल्या ठिपक्यांचा आळ सगळ्यांनी नरसिंहावर घेतला, आणि देवजीला तेच सहन होईना.

बोहाड्यात, म्हणजे गावदेवीच्या उत्सवात, देवांचे लाकडी मुखवटे घालून नाचतात. नरसिंहाचं सोंग देवजीच्या घराण्याचं. घरातलं कुणी उभं राहिलं नाही तर नरसिंह निघायचाच नाही, आणि असं आजवर कधी झालेलं नव्हतं. गेल्या वर्षी बोहाडा संपताच देवजीला लकवा मारला. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, जीभ तर पहिल्यापेक्षा जास्त चालू लागली. आता नवा बोहाडा तोंडावर आला, तर कल्याणला काढलेल्या एमआरआयमध्ये डोक्यात बारीक काळे ठिपके निघाले.

"एवढं लाकूड डोक्यावर घेऊन नाचल्यावर दुसरं काय व्हनार?" बायको भागीरथी शहापूरच्या डॉक्टर योगिनीबाईंसमोरच म्हणाली. मुलगा नितीन एमआरआयच्या फिल्मची पिशवी धरून शेजारी बसला होता.

"मुखवट्याने नाही होत हे," डॉक्टर म्हणाल्या. "बीपी वाढलं की बारीक शिरांतून रक्त झिरपतं, माणसाला कळतही नाही. यातले बरेच ठिपके जुने आहेत. बीपीची गोळी मध्येच बंद करता का?"

नरसिंह आळातून सुटला म्हणून देवजीला हायसं वाटलं. मग प्रश्न डोक्यात शिरला आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

"बोला ना," भागीरथी म्हणाली.

"सोंगाचा उपास असतो. पोट कोरं पायजे. म्हनून तेवढे दिवस गोळी नाय घेत."

"आनि मला घेतली म्हनून सांगता?"

"तसं सांगितलं की तू गप राहतेस गो."

भागीरथी गप्प राहिली नाही. तिचं बोलून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "यंदा मुखवटा नको. पाय अजून डगमगतो, पडलात तर महागात पडेल. आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही."

देवजीच्या काळजाला घरं पडली, पण त्याने मान डोलावली. "नितीन हाय ना. यंदा तो घालंल."

नितीनने नजर चुकवली. आसनगावहून रोज नोकरीला धावणाऱ्या त्या पोरालाही ऐन पस्तिशीत बीपीची गोळी लागली होती.

"तू गोळी घेतोस ना रे?" देवजीने विचारलं.

"तुमी बरे व्हावेत म्हनून मी आधीच उपास धरलाय, बाबा."

स्वतःचा हात लुळा पडला तेव्हाही देवजी इतका घाबरला नव्हता.

"गोळ्या कुठं हायत?"

"बॅगेत."

"काढ. घे आत्ताच."

"उपास मोडंल."

"मोडू दे. गोळी घेऊन सोंग घेनार असशील तर घे." देवजीने बॅग त्याच्यापुढे ओढली. "नायतर यंदा नरसिंह निघायचा नाय."

डॉक्टरांना त्यात विशेष काही वाटलं नाही. भागीरथी मात्र नवऱ्याकडे बघतच राहिली. मग उठून तिने बाहेरून पाण्याचा पेला आणला आणि लेकाच्या हातात दिला.