तिसऱ्या बाकावरचा सूर

दर शनिवारी दुपारी पी बिआकी पाठीला वेताची टोपली लावून डोंगरातल्या रुआलतुई गावात घराघरांतून तांदूळ गोळा करत फिरायची. रोज भात टाकण्याआधी प्रत्येक घरच्या बाईनं देवाच्या नावाची एक मूठ बाजूला काढायची आणि आठवड्याच्या त्या मुठी गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या कामाला जायच्या. एकवीस वर्षं बिआकी हे करत होती. तिथं मानानं बाईला 'पी' आणि पुरुषाला 'पू' म्हणतात, तशी ती सगळ्यांची पी बिआकी. कुठल्या घरात सासूसुनेचं बिनसलंय हे तिला मुठीच्या आकारावरून कळतं, असं बायका चेष्टेनं म्हणत.

गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी ती अशीच झुआलीच्या घराशी गेली. डोंगराच्या धारेवर अगदी शेवटी, दरीच्या तोंडाशी झुआलीचं बांबूच्या तट्ट्यांचं घर होतं. धुकं इतकं दाट, की तिला स्वतःच्या पायातल्या चपला दिसत नव्हत्या. ओसरीच्या खिळ्याला तांदळाचा डबा अडकवलेला होता. दार लावलेलं. आत झुआली गात होती. हळू, पण सूर पक्का. बायकांच्या गाण्यातला तो खालचा सूर, आल्टो, अख्ख्या गावात तिच्याइतका कुणालाच लागत नसे.

'गातेय, म्हणजे बरी आहे,' असं बिआकीनं मनाशी म्हटलं, डबा टोपलीत उपडा केला आणि हाक न मारता ती परत फिरली.

हाक न मारायला कारण होतं. त्याआधी पाचेक महिने उपासनेत साक्ष देण्याची, मनातलं सगळ्यांसमोर बोलायची, वेळ आली तेव्हा झुआली उभी राहिली होती. नवरा वारलेला, मुलगी दूर शहरात नोकरीला. ती म्हणाली, "इथं तुम्ही सगळे एकमेकांचे हात धरून गाता. माझ्या घरात वर्षभरात कुणी येऊन बसलंय का? बिआकी दर शनिवारी येते. तांदूळ घेते नि जाते. तू जेवलीस का, एवढंही विचारत नाही."

मंडळीचे वडीलधारे पुढारी, म्हणजे उपा, छुआना उठले. पांढरेशुभ्र कडक कपडे, तसाच कडक शब्द. ते म्हणाले, "हिला गर्व झालाय. देवाच्या घरात माणसांची उणीदुणी काढते. स्वतः येऊन माफी मागेपर्यंत कुणी तिच्याकडे फिरकायचं नाही." कुणी हो म्हटलं नाही आणि कुणी नाहीही म्हटलं नाही. बिआकीला मात्र आतून बरं वाटलं होतं. झुआलीनं भर सभेत तिचं नाव घेतलं होतं ना.

झुआली माफी मागायला आली नाही. डबा तेवढा दर शनिवारी खिळ्याला असायचा आणि बिआकी तो बाहेरच्या बाहेर रिकामा करायची.

तर त्या शनिवारनंतरच्या सोमवारी रानातून येणाऱ्या एका बाईला वास आला. दार ढकललं तर चुलीपाशी झुआली पडलेली. दवाखान्यातली नर्स येऊन पाहून गेली. "गुरुवारी गेली असणार," ती म्हणाली. "बुधवारीसुद्धा असेल. गुरुवारनंतर नक्कीच नाही."

बिआकी गर्दीत उभी होती. तिनं बोटांवर वार मोजले. नर्स चुकत असेल, तर शनिवारी आत एक जिवंत बाई होती आणि आपण तिला टाकून आलो. नर्स बरोबर असेल, तर आत कोण गात होतं?

ती कुणालाच काही बोलली नाही.

मयतीला मात्र कुणी कमी पडलं नाही. पोरांनी कबर खणली, बायकांनी चहाची भांडी चढवली, तीन दिवस त्या घरात गाणी झाली. एवढी माणसं त्या ओसरीवर कधीच चढली नव्हती. बांबूची जमीन कचकचत होती.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, पहिल्याच गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला तो सूर लागला.

बायकांच्या बाजूला तिसरा बाक, खिडकीपाशी. झुआलीची जागा. बाक रिकामा होता आणि सूर तिथूनच येत होता. बिआकी गाता गाता थांबली. तिनं इकडे तिकडे पाहिलं. सगळे पुस्तकात डोकं घालून गात होते, जरा जास्तच मोठ्यानं. ढोल वाजवत होता तिचा नवरा, पू खुमा. त्याचा ठेका एकदा चुकला आणि लगेच सावरला.

घरी येऊन तिनं डुकराचं मटण आणि भात वाढला. "आज ठेका चुकला तुमचा," ती म्हणाली.

"हात दुखतोय," खुमा म्हणाला. मग थोड्या वेळानं, "तुला काय झालं होतं, मापुईची आई? दुसऱ्या कडव्याला गप्प झालीस."

"घसा बसलाय."

चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांपासून असं काही लपवलं नव्हतं.

असं पाच महिने चाललं. दर रविवारी तो सूर. हळूहळू दुसऱ्या आणि चौथ्या बाकावरच्या बायकाही सरकून बसू लागल्या. तिथं एक मोठी रिकामी जागा पडली. गंमत म्हणजे हजेरी वाढली. पूर्वी पाऊस आहे म्हणून दांडी मारणारेही येऊ लागले. न येणाऱ्याकडे लोक काय नजरेनं बघतील, याचं भय होतं सगळ्यांना. देऊळ झाडून पुसून लख्ख, फुलदाण्यांत ताजी फुलं, दारात एकमेकांचे हात हातात घेणं. आणि त्या हातांना घाम.

जानेवारीत नवे पाळक आले. रेमा नाव, तिशीतला माणूस, हसरा, कुणाच्याही चुलीपाशी जाऊन फतकल मारून बसणारा. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर सगळे उन्हात बिनदुधाचा लाल चहा आणि गूळ घेत उभे होते. खाली दरी ढगांनी काठोकाठ भरली होती, जणू गाव दुधावर तरंगत होतं.

"पू छुआना," पाळक म्हणाले, "खिडकीपाशी बसतात त्या बाई कोण? काय गळा आहे! गायकवृंदात का नाहीत त्या?"

एकीनं कप पटकन खाली ठेवला.

"कुठल्या बाई?" छुआनांनी विचारलं.

"तिसऱ्या बाकावर. मला उजेडामुळं चेहरा दिसला नाही. ऐकू मात्र आलं. तुम्हाला नाही आलं?"

"पत्रा जुना आहे," छुआना म्हणाले. "वारा शिरला की वाजतो."

पाळकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. प्रत्येक जण गूळ चघळण्यात दंग होता. "वारा आल्टो गातो होय तुमच्याकडे?" ते हसून म्हणाले. कुणीच हसलं नाही. मग तेही हसायचे थांबले.

त्या आठवड्यात ते घरोघर गेले. "काय, कसं चाललंय?" "देवाची कृपा." "मंडळीत काही मनाला लागलंय का?" "छे हो, आमची मंडळी म्हणजे एक कुटुंब." बिआकीच्या घरीही आले. खुमा म्हणाला, देवाची कृपा. बिआकी म्हणाली, देवाची कृपा. पाळक उठता उठता म्हणाले, "पी, साठ घरं फिरलो. साठही घरांत एकच वाक्य. मला तर भीती वाटायला लागलीय."

पुढच्या रविवारी गाणं संपलं. ढोल थांबला, लोक खाली बसले.

सूर थांबला नाही.

रिकाम्या बाकावरून तो एकटाच पुढची ओळ गात राहिला. आता त्याला झाकायला दुसरा आवाज नव्हता. प्रत्येक शब्द कळत होता. मध्येच धाप लागल्यासारखा तुटायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा लागायचा. दोनशे माणसं माना खाली घालून बसली होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी आईच्या पुआनची, कमरेला गुंडाळायच्या वस्त्राची, कड तोंडात कोंबून रडत होती. तिची आई तिला गप्पही करत नव्हती.

पाळक पांढरेफटक पडले होते, तरी त्यांनी विचारलं, "कोण आहे ही?"

ते खाली उतरून बाकांपाशी आले.

"मी पाया पडून विचारतो. कोण आहे?"

आपण कधी उभ्या राहिलो हे बिआकीला कळलंच नाही. "झुआली आहे," ती म्हणाली. "मी शनिवारी तिच्या दारात गेले होते. ती आत गात होती. मी ऐकलं. तांदूळ घेतले आणि आले. नर्स म्हणते ती तेव्हा मेलेली होती. मला नाही माहीत. मी हाक मारली नाही, एवढंच मला माहीत आहे. तिनं भर सभेत माझं नाव घेतलं होतं, तो राग होता माझ्या मनात."

सूर थांबला. त्या शांततेचीच जास्त भीती वाटली.

ढोलापाशी खुमा उभा राहिला. त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. "मला आमच्या अंगणातून तिचं छप्पर दिसतं. तीन दिवस धूर नव्हता. मी रोज पाहायचो. म्हटलं, दुसरं कुणी जाईल."

मग एक बाई उठली. झुआलीनं तिला वाटेत थांबवून औषध आणशील का विचारलं होतं आणि तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं होतं. मग एक म्हातारा, मग आणखी एक जण. प्रत्येकाकडे त्या मरणाचा एकेक तुकडा होता आणि प्रत्येकानं तो घरात लपवून ठेवला होता. सर्वांत शेवटी छुआना उठले. त्यांना बाकाला धरून उभं राहावं लागलं.

"फिरकू नका, असं मी सांगितलं," ते म्हणाले. "ती खरं बोलली म्हणून सांगितलं. खोटं बोलली असती तर मी हसण्यावारी नेलं असतं."

बिआकीला वाटलं, आता आपण परत जागेवर बसलो तर पुन्हा पहिल्यासारखंच होईल. ती बायकांच्या बाजूची ती रिकामी जागा ओलांडून गेली आणि तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी झुआलीपुरती जागा सोडून बसली. लाकूड गारठून ओलं झालं होतं. पाळकांनी हळूच गाणं काढलं. खुमानं ढोलावर थाप मारली. आणि पहिला शब्द उमटायच्या आत बिआकीच्या कानापाशी, अगदी गालाला लागेल इतक्या जवळ, कुणीतरी गाण्यासाठी श्वास आत घेतला.

ती उठली नाही. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, दात वाजत होते. "जेवलीस का गं?" ती पुटपुटली. शेजारी सूर लागला. तिनं आपला आवाज त्याच्यात मिसळला.

गाणं संपल्यावर पाळकांनी प्रवचन केलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आज, या घडीला, आपण कुणाच्या घरी जात नाही?"

मग खुमा म्हणाला, "पू थंगा. ओढ्याखाली राहतो तो. दारूपायी मंडळीतून काढला त्याला, चार वर्षं झाली."

"जिवंत आहे ना?" पाळकांनी विचारलं. कुणालाच ठामपणे सांगता येईना.

तशीच निघाली सगळी, उपाशीपोटी, घसरणीच्या वाटेनं खाली, ढगांत. पुढं पाळक, मागं छुआना काठी टेकत. ओढ्याचा आवाज आला, पण घर दिसेना. बिआकीच्या मनात नको ते येत होतं. छपरावर धूर आहे की धुकंच आहे, हे तिला कळेना. दार बंद होतं.

या खेपेला तिनं हाक मारली. "पू थंगा! अहो पू थंगा!"

काही नाही. तिनं दारावर दोन्ही हात आपटले. "पू थंगा!"

आत काहीतरी घसरलं, खोकल्याची उबळ आली आणि दार उघडलं. दाढी वाढलेला, हातात कोयता घेतलेला थंगा उंबऱ्यात उभा राहिला. धुक्यातून एकामागं एक निघणारी ती माणसं पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"कोण मेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," बिआकी म्हणाली.

"मग एवढी माणसं कशाला आलीत? माझ्याकडे पुरायला जागा नाही."

छुआना पुढं झाले. काठी टेकून ते म्हणाले, "बसायला आलोय. बसू देशील का?"

थंगानं त्यांना खालून वर न्याहाळलं. "तुम्ही? या पांढऱ्या कपड्यांनी? माझ्या जमिनीवर कोंबड्या झोपतात, उपा." मग त्यानं कोयता तट्ट्यात खोचला आणि बाजूला झाला. "एका वेळी सहाच जण आत या. जमीन कुजलीय. आणि साखर नाही, आधीच सांगतो."

बिआकी पहिल्या सहांत शिरली. चुलीवर भांडं होतं, त्यात तळाला थोडं पाणी. "पू थंगा, जेवलात का?" तिनं विचारलं.

त्यानं मान फिरवली. "परवा," तो म्हणाला.

ती चुलीपाशी बसली आणि फुंकणी शोधू लागली.