प्रथमेशच्या नावापुढचा गोल

"आर्मबँडवरच काळी पट्टी शिवू, की वेगळी बांधू?" प्रथमेशने दारात बूट काढता काढता विचारलं. त्याच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता. माझ्या बाबांना जाऊन तीन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांच्या क्लबची सीझनमधली शेवटची मॅच होती आणि प्रथमेश कॅप्टन होता.

"बस, चहा टाकते," म्हणून मी आत आले. ओट्यापाशी आई बाबांची वही घेऊन उभी होती.

"खेळू दे गं त्याला," ती हळू आवाजात म्हणाली. "माणूसच राहिला नाही, आता कसली यादी? डेव्हला मेसेज तूच करणार ना? घाल त्याचं नाव. कोणाला कळणार आहे?"

कोणालाच कळणार नव्हतं. शनिवारच्या टीमची बाबांनी केलेली यादी जपानीत होती. असिस्टंट डेव्हला ती वाचता येत नव्हती, आईलाही नाही. सकाळी मीच तिला वाचून दाखवली होती.

माझे वडील, हिसाशी कुमेदा, जपानमध्ये दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये नऊ वर्षं मिडफील्डला खेळले. गोल फारसे केले नाहीत. समोरच्याचा बॉल काढून घ्यायचा आणि आपल्यापेक्षा बऱ्या खेळाडूकडे द्यायचा, हे त्यांचं काम. एकतिसाव्या वर्षी एका सकाळी फळ्यावर टीम लागली, तीत त्यांचं नाव नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या मैदानाच्या माळ्याने ते त्यांच्याआधी वाचलं आणि मान खाली घातली. नाव नसल्याचं दुःख पुढे ओसरलं. माळ्याची खाली गेलेली मान ते विसरले नाहीत.

मग मिनेसोटात दोन हिवाळे इनडोअर फुटबॉल, इथे शिकायला आलेल्या आईशी लग्न, एका शाळेत कोचिंग आणि शेवटची बावीस वर्षं ईडन प्रेरीच्या या हौशी क्लबची टीम. सगळे त्यांना कोच म्हणत. ते स्वतःला मॅनेजर म्हणवत. कोच शिकवतो, मॅनेजर वगळतो, असं ते म्हणायचे.

यादी लागायच्या आधी वगळलेल्या प्रत्येकाला ते स्वतः सांगत. समोर नाही, शेजारी उभं राहून, मैदानाकडे बघत. पहिलंच वाक्य असायचं: शनिवारी तू नाहीस. सॉरी कधीच नाही. सॉरी म्हटलं की समोरच्याला 'इट्स ओके' म्हणावं लागतं. त्याला आणखी ते एक काम कशाला? सांगून झालं की वहीत त्या नावापुढे एक छोटा गोल. जपानी शाळेत बरोबर उत्तराला काढतात तसा.

हॉस्पिटलमध्ये केलेल्या शेवटच्या यादीत पाच राखीव होते. चौघं भेटायला आले तेव्हा बाबांनी प्रत्येकाला पलंगाशेजारी, खिडकीकडे तोंड करून उभं केलं होतं. त्या चार नावांपुढे गोल होता. पाचवं नाव प्रथमेशचं, आणि तो त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाला जर्सी सिटीत होता.

चहाचे कप घेऊन मी बाहेर आले. तो खिडकीतून मागचं अंगण बघत होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

"प्रथमेश, शनिवारी तू नाहीस."

तो आधी हसला. "काय यार नेत्रा." मग हसणं थांबलं. "कोचनी लिहिलंय?"

"सोमवारी. तुला सांगायचं राहून गेलं."

"बेंच, की तेही नाही?"

"बेंच."

"अगं, मी रुहीला प्रॉमिस केलंय. कोचसाठी लास्ट मॅच खेळणार म्हणून. ती शाळेत सगळ्यांना सांगून बसलीये."

सॉरी अगदी जिभेवर आलं होतं. तीन दिवस लोक मला सॉरी म्हणत होते आणि मी सगळ्यांना इट्स ओके म्हणत होते. मी चहाचा घोट घेतला.

"रीझन?"

"लिहिलेलं नाही."

"गुडघा," तोच म्हणाला. "ऑगस्टपासून लपवतोय. फिजिओला गंडवलं, बायकोला गंडवलं. आणि हा खडूस म्हातारा..." त्याने चष्मा काढून टी-शर्टला पुसला. बराच वेळ पुसला. "तू गप्प बसू शकली असतीस."

"हो."

आई दारात आली. "खिचडी कोणी केली रे?"

"मीच, काकू."

"तरीच. दाण्याचं कूट कमी पडलंय."

तो गेल्यावर मी वहीत गोल काढला. जरा वाकडा आला.

शनिवारी प्रथमेश सगळ्यांच्या आधी मैदानावर होता. आर्मबँड त्याने स्वतः गोलकीपरच्या दंडावर चढवला, काळी पट्टी समोर येईल असा फिरवला. मॅच सुरू झाली तशी रुही मागून ओरडली, "डॅड, व्हाय आर यू नॉट प्लेइंग?"

"मॅनेजरने घेतलं नाही," तो म्हणाला.

आम्ही दोन-एकने हरलो. बाबा रेषेजवळ जिथे उभे राहत, ती जागा रिकामी होती. प्रथमेश बेंचवर बसला नाही. त्या जागेच्या शेजारी तो नव्वद मिनिटं उभा राहिला, दुखरा गुडघा थोडा वाकवून, मैदानाकडे बघत.