नवमीची सवाष्ण

पंचवटीत बाळाजी गुरुजींच्या शब्दाला वजन होतं. श्राद्धाच्या पानावर मीठ कुठे वाढायचं आणि खीर कुठे, एवढ्यावरून त्यांनी भल्याभल्या घरच्या सुनांना रडवलं होतं. गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पितर जेवू घातलेला हा माणूस. पण भाद्रपदातल्या त्या नवमीला ते सकाळपासून पाठ असलेली पोथी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते, कारण या खेपेला पान त्यांच्याच घरचं होतं.

अविधवा नवमी म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा दिवस. तिच्या नावानं एक सवाष्ण बोलवायची, ती म्हणजे गेलेलीच असं समजून तिचे पाय धुवायचे, तिला जेवू घालायचं, ओटी भरायची. ती पोटभर जेवून उठली की गेलेली तृप्त झाली असं धरायचं. गुरुजींच्या बायकोला, इंदिराबाईंना, जाऊन चौदा महिने झाले होते. वर्षश्राद्ध होईपर्यंत पितृपक्षातलं काही करत नाहीत, म्हणून ही त्यांची पहिली नवमी. एवढं एक तिच्यासाठी बिनचूक करायचं, असं गुरुजींनी मनाशी पक्कं केलं होतं. ती असताना काही केलं नाही, हा पुढचा भाग ते मनातही पुरता उच्चारत नव्हते.

स्वयंपाकाला लेक आली होती. यशश्री देवळाली कॅम्पला राहायची, तिथल्या एका शाळेत शिकवायची. सुट्टी टाकून ती सकाळी सातला आली, पदर खोचला आणि कामाला लागली. बापाशी ती बोलायची, नाही असं नाही. "दूध कुठंय?" "गॅस संपत आलाय." "पानं पुसलीत का?" यापलीकडे चौदा महिन्यांत तिनं एक वाक्य जास्तीचं खर्च केलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला गुरुजी स्वयंपाकघरात डोकावले. खीर झाली होती, वडे तळायचे होते, पुरण वाटून तयार होतं. आणि कोपऱ्यात तव्यावर ज्वारीची भाकरी फुगली होती.

"हे काय?"

"आईच्या पानावर ठेवायला. तिला आवडायची."

"श्राद्धाच्या पानावर भाकरी? अगं, लोक काय म्हणतील? गुरुजींच्या घरी..."

यशश्रीनं भाकरी तव्यावरून उतरवली, फडक्यात गुंडाळली आणि फळीवर ठेवून दिली. ती भांडली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

इंदिराबाईंना साखरेचा आजार लागला तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. दिसायला प्रसन्न, कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या, आणि नवरा भिक्षुक. अशा बाईला पंचवटीत वर्षभर बोलावणी असतात. चैत्रातलं हळदीकुंकू, श्रावणातले शुक्रवार, नवरात्र, बोडण, कुणाकडची नवमी. यजमान विचारायचे, "गुरुजी, सवाष्ण कुठून आणायची हो? हल्ली कुणाला वेळ नसतो." गुरुजी तिथल्या तिथे सांगून टाकायचे, "आमची ही आहे की!" घरी येऊन पंचांगाच्या समासात पेन्सिलीनं तिथीसमोर नाव लिहायचे. झालं. बायकोला विचारायचं असतं हे त्यांना कधी सुचलंच नाही.

आणि सवाष्णीला नाही म्हणता येत नाही. तिनं पोळी नाकारली म्हणजे देवीनं नाकारली. घरची थोरली बाई तुपाची वाटी घेऊन समोरच उभी राहते. "एक घ्याच, माझ्या गळ्याची शपथ." इंदिराबाई घ्यायच्या. अकराला इन्सुलिनची सुई टोचून बसायच्या, पान यायला अडीच वाजायचे. घाम फुटायचा, डोळ्यांपुढे काळं यायचं, मग पदराआड खडीसाखर तोंडात टाकायची. आणि पान आलं की उलटं. पुरणपोळी, खीर, वर आग्रह. संध्याकाळी घरी येऊन त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. गुरुजींना वाटायचं, जेवण अंगावर आलं असेल.

एकदा त्या भीत भीत म्हणाल्या होत्या, "अहो, एखाद्या ठिकाणी सांगितलं तर? मला गोड चालत नाही म्हणून?"

"वेडी का काय तू! आजारी सवाष्ण कोण बोलावतं? कुणाला काही सांगू नकोस."

त्यांनी सांगितलं नाही. पायाला भोवरी झाली ती कळली नाही, अंगठा काढावा लागला. मग डोळे. मग किडन्या. शेवटची दीड वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिथल्या खाटेवरसुद्धा त्यांनी एकदा विचारलं, "परवा देवधरांकडे शुक्रवार आहे ना? मला जायला जमणार नाही हो, त्यांना कळवाल का?"

बाराव्या दिवशी यशश्रीला आईची वही सापडली. रोजच्या साखरेचे आकडे, बारीक, नेटक्या अक्षरात. मध्येच एखादा दिवस कोरा. असे कितीतरी दिवस कोरे. यशश्रीनं गुरुजींची जुनी पंचांगं काढली आणि वहीशेजारी ठेवली. जिथे बापाची पेन्सिल होती, तिथे आईची वही कोरी होती. त्या दिवशीचा आकडा लिहायचं धाडसच तिला झालं नव्हतं. यशश्रीनं दोन्ही उघडी पानं बापापुढे सरकवली आणि उठून गेली. तेव्हापासून ती मोजकं बोलत होती.

आजची सवाष्ण होती शुभांगीताई. मखमलाबाद नाक्याजवळ राहायच्या, नवरा सातपूरला कंपनीत. पन्नाशी ओलांडलेली, हसतमुख बाई. इंदिराबाईंचं बाहेर जाणं बंद झाल्यापासून गुरुजी यजमानांना शुभांगीताईंचंच नाव सांगायचे. त्या बरोबर बाराला आल्या, कारण गुरुजींनी बाराची वेळ दिली होती. पण वडे व्हायचे होते, आणि गुरुजींनी पान तीनदा पुसायला लावलं, रांगोळी मोडून पुन्हा काढवली. बिनचूक करायचं होतं ना!

पाऊण वाजता पाय धुवायला घेतले. यशश्रीनं घाईघाईत तांब्या आणून दिला. शुभांगीताई पाटावर बसल्या, पाय परातीत ठेवले. गुरुजींनी मंत्र म्हणत धार सोडली आणि चटकन हात मागे घेतला. पाणी चांगलंच कढत होतं. त्यांची बोटं पोळली.

शुभांगीताई शांत बसल्या होत्या. पाय हलला नव्हता. त्या देवापुढच्या समईकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या पावलांवर लाली चढत होती.

गुरुजींचा मंत्र मध्येच तुटला. इंदिराबाईंनी एका थंडीत शेकायची पिशवी पायाशी घेतली होती, आणि सकाळी पाऊल फोडांनी भरलेलं पाहून त्या स्वतःच नवल करत बसल्या होत्या. तोच पाय. तेच न कळणं.

त्यांनी मुकाट्यानं गार पाणी मागवलं, पायांवर घातलं, आणि विचारलं मात्र नाही. विधी चालू होता. मध्ये बोलायचं कसं? आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं.

दीड वाजला. सवाष्णीचं आणि इंदिराबाईंच्या नावाचं, दोन्ही पानं वाढून झाली. आता फक्त नैवेद्य दाखवायचा, कावळ्याचा घास गच्चीवर ठेवायचा, मग जेवण. शुभांगीताईंनी हलकेच विचारलं, "गुरुजी, अजून किती वेळ?"

"झालंच."

त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. पंखा चालू होता तरी. उजवा हात पर्सच्या चेनशी झटत होता आणि चेन काही उघडत नव्हती. बोटंच ऐकत नव्हती. गुरुजींनी पळी खाली ठेवली.

"शुभांगीताई, सुई घेतलीत का?"

बाई दचकल्या. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. "साडेअकराला," त्या पुटपुटल्या. "तुम्ही बारा म्हणाला होतात." आणि त्या एका बाजूला कलंडू लागल्या.

मग गुरुजींनी ते केलं जे दुसऱ्या कुणाच्या घरी कुणी केलं असतं तर ते पानावरून उठून गेले असते. नैवेद्य दाखवायच्या आधी, कावळ्याला घास जायच्या आधी, त्यांनी इंदिराबाईंच्या पानावरची खिरीची वाटी उचलली आणि शुभांगीताईंच्या तोंडाशी नेली.

"खीर नको, बाबा! घशात अडकेल. बाजूला व्हा." यशश्री साखरेचं पाणी घेऊन धावत आली होती. तिनं बाईंच्या मानेखाली हात घातला, पेला ओठांना लावला. "थोडं थोडं घ्या काकू. गिळा. हां. अजून एक घोट." तिच्या हातांना सगळं पाठ होतं. गुरुजी वाटी धरून तसेच उभे राहिले. आपल्या घरात हे किती वेळा घडलं असेल आणि आपण कुणाकडे कोणतं पूजन सांगत बसलो असू, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

पर्समधून शुभांगीताईंचं मशीन काढून यशश्रीनं बोटाला टोचलं. अठ्ठावन्न. पाव तासानं पुन्हा टोचलं. एक्क्याण्णव. बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि रंगाबरोबर लाजही.

"गुरुजी, माझ्यामुळे सगळं मोडलं. काकूंच्या पहिल्याच नवमीला."

"मोडू दे."

"आणि एक विनंती आहे." त्यांनी हात जोडले. "बाहेर कुठे बोलू नका. आजारी सवाष्ण कोण बोलावतं?"

शब्दन् शब्द तोच होता. गुरुजींनी हातातली खिरीची वाटी जमिनीवर ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात यशश्री उभी होती, हातात साखरेच्या पाण्याचा पेला तसाच.

"काकू कशानं गेल्या हो?" शुभांगीताईंनी विचारलं. "किडनीचं म्हणत होते लोक."

चौदा महिने गुरुजींनीही किडनीचंच सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं.

"हेच होतं तिला," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं. मी बोलावणी घेत गेलो आणि ती खात गेली. कुणाला सांगू नकोस, हे मीच तिला सांगितलं होतं. माझा मान राखता राखता गेली ती." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "तुम्हाला आज पोळी नाही. यशू सांगेल तेवढंच जेवायचं. आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे तुमचं नाव दिलंय, त्यांना मी उद्या फोन करून सांगणार आहे. तुम्ही जाल तर बारा म्हणजे बाराला पान, आणि आग्रह नाही. नाही चालत म्हणाले तर जायचं नाही."

शुभांगीताई जेवल्या. वरणभात, गवारीची भाजी, अर्धा वडा. त्या घरात प्रथमच एका सवाष्णीला कुणी आग्रह केला नाही. ओटी भरून, भाजलेल्या पावलांना मलम लावून यशश्रीनं त्यांना रिक्षात बसवलं आणि रात्री आठवणीनं डॉक्टरांना पाय दाखवायचं कबूल करून घेतलं.

ती परत आली तेव्हा गुरुजी इंदिराबाईंच्या पानासमोर बसले होते. खिरीच्या वाटीची जागा रिकामी होती. त्यांना वाटलं होतं, आता लेक काहीतरी बोलेल. बरं केलंत म्हणेल. निदान शेजारी बसेल.

यशश्री बसली नाही. दाराला टेकून तिनं विचारलं, "बाबा, आईला कधी विचारलंत का हो? 'सुई घेतलीस का?' एकदा तरी?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एकदा जरी विचारलं असेल तर तिला ते हवं होतं.

गुरुजींनी पंचवीस वर्षं चाचपून पाहिली. सकाळ, दुपार, सणवार, आजारपण. आठवत होतं ते सगळं 'पाणी तापलं का' आणि 'धोतर वाळलं का' होतं.

"नाही," ते म्हणाले.

यशश्रीनं मान हलवली आणि ती आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं गुरुजी उठले. फळीवरची भाकरी त्यांनी स्वतः काढली. गार होऊन कडक झाली होती. पानावरची पुरणपोळी उचलून त्यांनी तिथे भाकरी ठेवली, शेजारी गवारीची भाजी, थोडं मीठ. यशश्री भांडी घासता घासता पाहत होती.

गच्चीवर ऊन रखरखत होतं. आजूबाजूच्या सगळ्या कठड्यांवर घास ठेवलेले होते. पितृपंधरवड्यात पंचवटीतले कावळे तुडुंब जेवलेले असतात, ते ढुंकूनही बघत नाहीत. गुरुजींनी पान ठेवलं, पाण्याचा हात फिरवला आणि थांबले. तीन वाजले, साडेतीन वाजले. एकही कावळा फिरकला नाही. इतरांना अशा वेळी काय सांगायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. गेलेल्याची काय इच्छा राहिली ते आठवा, मोठ्यानं बोला, वचन द्या.

त्यांच्याकडे द्यायला वचन नव्हतं. जिला द्यायचं ती उरली नव्हती. त्यांनी पानाच्या कडेला गुडघे टेकले, इकडेतिकडे पाहिलं, आणि नवी नवरी घरात आल्यावर नवरा जसा चाचरत पहिला शब्द बोलतो तसं म्हणाले,

"अगं, सुई घेतलीस का?"

मग ते रडले. खाली मोरीतला नळ बंद झाला होता. जिन्यावर पावलं वाजली, मधल्या पायरीपर्यंत आली, आणि तिथेच थांबली.