मागच्यासाठी तीन दगड

पौषातली पहाट पठारावर उतरली ती धुके पांघरूनच. दहिवराने जडावलेले पिवळे गवत, धूसर कारवी, धूसर कडे, धूसर आभाळ. आणि त्या धूसरतेत कुठेतरी अडकून पडलेला तांबूस, निस्तेज सूर्य. वाट दहा पावलांवर दिसत होती, अकराव्या पावलावर नव्हती.

त्या हिमशीतल शुभ्रतेतून हेमांगी चालली होती, सर्वांत पुढे, भराभर. चाळीस किलोमीटरची डोंगरचालीची स्पर्धा. हाती नकाशा नि होकायंत्र, वाट ज्याची त्याने शोधायची, आठ चौक्यांवर संघातल्या तिघांनी एकत्र नोंद करायची आणि सूर्य मावळायच्या आत पायथा गाठायचा. सलग दोन वर्षे लाल सदऱ्यांच्या संघाने तिच्या तोंडचा घास पळवला होता. यंदा तो तिला हवाच होता.

तिच्यामागे नकाशा घेऊन लहानू. तिच्याच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कामाला, पण वाढलेला याच डोंगरांत. त्याच्याही मागे, पावले मोजत, तिची बालमैत्रीण उत्तरा. लहानू गेल्या वर्षी लाल सदऱ्यांत होता, हे हेमांगी विसरली नव्हती. विसरायची तिची इच्छाही नव्हती.

संशय आला तो पहिल्या फाट्यावर. लहानू थांबला, वाकला, दोन दगडांवर तिसरा ठेवून उठला. दुसऱ्या फाट्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. हे कशाला, असे विचारले तर सवय आहे ताई, म्हणून हसला. आणि मागे, धुक्याच्या पडद्याआड कुठेतरी, लाल सदरे येतच असणार.

मनात कुसळ शिरले की टोचतच राहते. मग धुके संशयाचे झाले, वारा संशयाचा झाला. लहानूचे मौन, लहानूचे हसू, लहानूचे वळूनवळून मागे बघणे, सारे त्या एकाच करड्या रंगात बुडाले. त्याने पाणी पुढे केले, तेही तिने नको म्हटले. तहान मात्र लागली होती.

चौथ्या फाट्यावर डावी वाट पाण्याच्या टाक्याकडे जात होती, उजवी थेट कड्याच्या तोंडाशी. उत्तरा एक वळण मागे होती. बुटाचा बंद बांधायचे निमित्त करून हेमांगी रेंगाळली. तीन दगड, ओले, काळे, एकमेकांच्या अंगावर विसावलेले. तिने ते पायाने उडवले आणि धावत पुढे गेली. बरे वाटले तिला, खोटे कशाला बोला.

कातळकोरीव टाके. निळेकाळे, निश्चल, निःशब्द पाणी. तिथल्या चौकीवर हेमांगी नि लहानू वाट बघत उभे राहिले, आणि उत्तरा आली नाही. आले ते लाल सदरे, पण समोरच्या, भलत्याच डोंगरधारेने, आपल्या नकाशाच्या, आपल्या वाटेने. नोंद करून ते निघूनही गेले.

हेमांगी त्यांच्या पाठींकडे बघत राहिली. मग हे दगड कुणासाठी?

“येतील त्या,” लहानू म्हणाला. “सकाळपासून गुडघा धरलाय त्यांचा. तुम्हाला सांगू नको म्हनल्या, तुमची शर्यत जायची म्हणून. आमच्यात मागच्यासाठी तीन दगडं ठेवल्याबिगर पुढं जात नाय कोणी. चुकायच्या नायत त्या.”

“ते मी पाडले,” हेमांगी म्हणाली.

नकाशा खिशात कोंबून लहानू आल्या वाटेने धावत सुटला, आणि त्याच्यामागे ती. धुके पांढरे, गवत पांढरे, डोळ्यांपुढचा कडाही पांढरा. देवा, उत्तरा उजवीकडे गेलेली नसू दे, एवढेच तिला मागता येत होते.

फाट्यावर, विखुरलेल्या दगडांशेजारी, उत्तरा बसली होती. केसांवर दहिवर, दोन्ही हात गुडघ्यावर.

“दगड दिसले नाहीत, म्हणून हलले नाही,” ती म्हणाली. “म्हटलं, तुम्ही परत याल.”

हेमांगी तिच्यापाशी खाली बसली आणि काय केले, का केले, सारे तिने सांगितले. सांगताना ती लहानूकडे बघत होती. त्याने ऐकून घेतले, उत्तराला खांद्याचा आधार दिला आणि खाली गावाकडे जाणारी सोपी वाट धरली. शर्यत केव्हाच संपली होती.

हेमांगी आपणहून मागे राहिली. पाठीवर दोघींच्या पिशव्या, पावलांत लाज. पुढचे दोघे हळूहळू धूसर झाले, मग दिसेनासे झाले. आणि थोड्या वेळाने वाटही दुभंगली. दोन वाटा, दोन्ही शुभ्र, दोन्ही अबोल. माझ्यासाठी तो दगड कशाला ठेवील, असे तिला वाटले; ठेवू नयेतच, असेही वाटले.

वारा जरासा हलला. धुके जरासे सरले. डाव्या वाटेच्या तोंडाशी, दहिवरात भिजलेल्या गवतात, दोन दगड, आणि त्यांच्यावर, नीट बसवलेला, तिसरा.